काकूंना विचारा : आधी बंदूक खाली ठेवायला शीक

गेल्या अंकात लोणच्याच्या उत्तरात सहज लिहून गेले की, पोस्टातून निवृत्त झाल्यापासून आठवड्यातून तीन सकाळी मी एअर पिस्तूल चालवते आणि रविवारी तिरंदाजीच्या मैदानावर नव्या पोट्ट्यांचे बाण मोजते. झालं! कैरी राहिली बाजूला आणि पत्रांचा ढीग आला तो नेमबाजीवर. म्हणून या वेळी अख्खं पान त्यालाच. कैरीवाल्यांनी महिनाभर दम धरावा.

काकू, मी ३४ वर्षांचा आहे, मिहानमध्ये नोकरी करतो. दिवसभर स्क्रीनसमोर. शूटिंग करू की आर्चरी, हे ठरत नाहीये. बायको म्हणते, या वयात सुरू करून उपयोग काय?
— एक वाचक, मनीषनगर

अरे, तू कॅरम खेळतोस तेव्हा विचारते का ती उपयोग? छंदाचा उपयोग विचारू नये, खर्च विचारावा. तो पुढे सांगते.

आधी निवड. मी दोन्ही करते, म्हणून स्वयंपाकघरातलंच उदाहरण देते. एअर रायफल किंवा पिस्तूल म्हणजे साखरेचा पाक. एका जागी उभं राहायचं, हलायचं नाही, नजर काढायची नाही, आणि एकतारी झाला की त्या क्षणी उतरवायचा. तिरंदाजी म्हणजे पोळ्या. हात, खांदे, पाठ, सगळं अंग त्यात असतं, आणि चाळिसावी पोळी पहिलीसारखी गोल आली पाहिजे.

आता आकडे. एअर रायफलचं अंतर फक्त १० मीटर, म्हणजे आपल्या जुन्या वाड्यातल्या ओसरीपासून परसापर्यंत. स्पर्धेत ६० शॉट, वेळ ७५ मिनिटं. पण त्या कागदावरचा दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, खसखशीच्या दाण्याएवढा. पिस्तुलाचा दहा जरा उदार, साडेअकरा मिलिमीटर, तुझ्या शर्टाच्या बटणाएवढा. ऑलिंपिकची रेकर्व्ह तिरंदाजी, म्हणजे टोकं बाहेर वळलेल्या धनुष्याची, मात्र ७० मीटरवरून. लक्ष्य १२२ सेंटिमीटरचं, मधला पिवळा दहा १२.२ सेंटिमीटरचा, चहाच्या बशीपेक्षा थोडा लहान. ७२ बाणांची एक फेरी, सहा-सहाच्या गटाने मारलीस तर बारा वेळा जाऊन बाण आणायचे. जाऊन-येऊन १४० मीटर, म्हणजे खेळता खेळता पावणेदोन किलोमीटर चाललास. खुर्चीवर मान आखडलेल्या माणसाला मी तिरंदाजीच सांगेन. माझा स्वतःचा जीव पिस्तुलात, ते सोड.

पिस्तुलात का, ते सांगते. शिशाचा छर्रा असतो, रेंजवर सगळे पेलेट म्हणतात. साडेचार मिलिमीटरचा, कमरेत बारीक, अगदी डमरू. तो नळीत बसवला, झाकण लावलं. पिस्तूल एकाच हातात धरायचं, दुसरा हात खिशात नाहीतर पट्ट्यात. हात वर न्यायचा, श्वास अर्धा सोडायचा आणि हळूहळू खाली येत काळ्या गोलाच्या बुडाशी थांबायचं. ट्रिगरला दोन टप्पे. पहिला मोकळा, बोट सहज आत जातं, मग एक भिंत लागते. भिंतीवर किमान ५०० ग्रॅम वजन हवं असा नियम आहे, अर्ध्या लिटरच्या दुधाच्या पिशवीएवढं. त्या भिंतीवर बोट दाबत राहायचं आणि शॉट कधी सुटेल हे स्वतःलाही कळू द्यायचं नाही. ‘आत्ता!’ असं मनात म्हटलंस की मनगट दचकतं आणि सात लागतो.

आणि सहा-सात सेकंदांत सुटला नाही, तर? खाली ठेवायचं. पहिल्या महिन्यात मला हेच जमेना. हात वर नेला की मारायचाच, अशी हौस. आमच्या कोचनी एक दिवस कागदच लावू दिला नाही. म्हणाले, “मॅडम, आज दहा वेळा उचला आणि दहाही वेळा खाली ठेवा.” मी मनातून चिडले. पोस्टात तेहतीस वर्षं काउंटर सांभाळलेल्या बाईला हा पोरगा उचल-ठेव शिकवतोय! पण त्या दिवशी घरी येताना सिग्नलवर मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवत होता आणि मी त्याच्याकडे वळून पाहिलंच नाही. नवऱ्याने विचारलं, बरं वाटत नाही का?

नोकरीचं म्हणशील तर कोल्हापूरचा स्वप्नील कुसाळे २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये (गुडघ्यावर, आडवं पडून आणि उभं राहून) कांस्य घेऊन आला तेव्हा रेल्वेत तिकीट तपासनीस होता. तुला ऑलिंपिकला जायचं नाहीये, पण नोकरी करून सराव होत नाही ही सबब तरी सांगू नकोस.

आता खर्च. पहिले तीन महिने काही म्हणजे काही विकत घेऊ नको. चांगल्या रेंजवर क्लबची रायफल-पिस्तूल भाड्याने मिळतं, पेलेटचे डबे आणि कागद तेवढे आपले. मॅच दर्जाची परदेशी रायफल दीड-दोन लाखांच्या पुढे जाते, आणि ती घेऊन घरी कपाटात ठेवणारे मी पाहिले आहेत. रेंज निवडताना शस्त्रांपेक्षा माणसं बघ. कोणी उगाच नळी इकडे-तिकडे फिरवली की कोच ओरडतो का? ओरडत नसेल तर तिथून नीघ. आणि सराव झाला की साबणाने हात धुतल्याशिवाय तर्रीपोह्याला हात लावायचा नाही. पेलेट शिशाचे असतात.

मुलाने वाढदिवसाला एअरगन मागितली आहे. परवाना लागतो का? आमच्या गच्चीवर पोपट आणि कबुतरं फार येतात, तिथेच सराव केला तर चालेल ना?
— एक वडील, नंदनवन

०.१७७ इंचापर्यंतच्या नळीची आणि २० ज्यूलच्या आतल्या ताकदीची एअरगन घ्यायला परवाना लागत नाही. दुकानदार ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा घेतो, वहीत नोंद करतो. पण घेणारा मोठा माणूस असतो आणि जबाबदारीही त्याचीच. पोराच्या कपाटात बंदूक ठेवू नका.

गच्चीवर चालणार नाही. पोपट पाळणं, पकडणं, मारणं हे सगळं १९७२ च्या वन्यजीव कायद्यात गुन्हा आहे, आणि १९६० चा क्रूरतेविरुद्धचा कायदा कबुतरालाही लागू आहे. कायदा बाजूला ठेवला, तरी पेलेट लोखंडी पाइपावर किंवा सिमेंटच्या कठड्यावर आपटून उलटा येतो. नंदनवनात घराला घर लागून आहे, पलीकडच्या गच्चीवर कोणीतरी पापड वाळवत बसलेलं असेल. पोराला रेंजवर न्या. रामटेकच्या जत्रेत फुगे फोडायला नेलंत, तरी माझी हरकत नाही. तिथल्या बंदुकांच्या साइट, म्हणजे नेम धरायच्या खुणा, वाकड्या असतात, आणि कुठे मारलं की कुठे लागतं हे ओळखण्यात पोराचा अर्धा तास मजेत जाईल.

माझी मुलगी अकरा वर्षांची. ओजस देवतळेचे व्हिडिओ पाहून तिला त्याच्यासारखंच चाकवालं धनुष्य हवं आहे. एका दुकानदाराने चाळीस पाउंडचं सांगितलं, म्हणाला, मोठी झाल्यावरही चालेल. घेऊ का? ती उजव्या हाताने लिहिते, पण बाण डावीकडे जातात.
— एक आई, महाल

ताई, दुकानदाराला नमस्कार करा आणि बाहेर पडा. असाच सल्ला ऐकून मीही एकदा जड धनुष्य घेतलं होतं. खेचताना खांदे कानाला टेकायचे, अनामिका बधिर व्हायची आणि दोन महिन्यांनी उजवा खांदा असा धरला की वेणी घालता येईना. शेवटी ते धनुष्य निम्म्या किमतीत विकलं.

पाउंड म्हणजे पूर्ण खेचल्यावर बोटांवर येणारं वजन. रेकर्व्ह धनुष्यावर लिहिलेला आकडा २८ इंच खेचण्याचा असतो. तुमच्या मुलीचा हात त्याहून लहान, त्यामुळे तिला थोडं कमी जाणवेल, पण चाळीस म्हणजे चाळीसच, पोरगी मोडेल. अकरा वर्षांच्या पोट्टीने चौदा ते अठरा पाउंडांत सुरुवात करावी. बांबूचं असलं तरी उत्तम. आपल्याकडे इंडियन राउंड म्हणून वेगळा प्रकार आहे, त्यात बांबूच्या धनुष्यानेच राष्ट्रीय स्पर्धा खेळतात. बांबूवर शिकलेली पोरं पुढे रेकर्व्हवर आली की बाणाची चाल त्यांना न सांगता कळते, हा माझ्या रविवारच्या मैदानावरचा अनुभव.

आता ओजसचं. आपल्या नागपूरचा हा पोरगा २०२३ ला बर्लिनमध्ये जागतिक विजेता झाला. अंतिम सामन्यात १५ बाणांना १५० पैकी १५०. एकही बाण दहाच्या बाहेर नाही, आणि समोरच्याला १४९ असूनही हरावं लागलं. त्याच वर्षी हांगझोच्या आशियाई स्पर्धेत तीन सुवर्णपदकं. त्याचं धनुष्य कंपाउंड. वर-खाली चाकं असतात, त्यामुळे पूर्ण खेचलं की बरंचसं वजन गळून पडतं, दहा-वीस पाउंडच हातात उरतं आणि भिंगातून निवांत नेम धरता येतो. दिसायला सोपं. पण त्या ‘निवांत’पर्यंत पोचायला आधी पूर्ण वजन ओढावंच लागतं, आणि पाठीचे स्नायू तयार नसताना ते ओढलं की पोरं सगळी ओढ मनगटाने काढतात. तो साताऱ्यात जाऊन घडला, हेही तिला सांगा. त्याच ठिकाणची अदिती स्वामी त्याच बर्लिनमध्ये सतराव्या वर्षी जागतिक विजेती झाली. हे आपल्या मुलीला आवडेल. कंपाउंड २०२८ च्या लॉस एंजलिस ऑलिंपिकमध्ये मिश्र सांघिक प्रकारात पहिल्यांदा येतंय, तेव्हा तिची हौस काही वाया जाणार नाही. फक्त दोन-तीन वर्षं थांबवा.

बाण डावीकडे का जातात, ते आज घरीच बघा. दोन्ही हात समोर सरळ, तळवे एकमेकांवर ठेवून मध्ये लाडवाएवढं भोक. त्यातून दोन्ही डोळे उघडे ठेवून भिंतीवरचं घड्याळ बघायचं आणि हात हळूहळू तोंडाकडे आणायचे. भोक ज्या डोळ्यासमोर आलं, तो तिचा मुख्य डोळा. डावा निघाला, तर तिला डावखुरं धनुष्य द्या, मग ती उजव्या हाताने लिहीत का असेना. पहिल्या आठवड्यात बोंबलेल, तिसऱ्यात विसरेल. हंगेरीचा करोली ताकाच उजव्या हाताचा नेमबाज होता. १९३८ ला हातबॉम्बने तो हात गेला. त्याने डाव्या हाताने पिस्तूल शिकून १९४८ आणि १९५२ या दोन्ही ऑलिंपिकमध्ये सुवर्ण घेतलं. तुमच्या लेकीला फक्त बाजू बदलायचीय.

आणि एक, हे फ्रिजवर चिकटवा. बाण न लावता दोरी खेचून सोडायची नाही. कधीच नाही. बाणात जाणारी सगळी ताकद मग धनुष्याच्याच अंगात शिरते. माझ्या भाच्याने पाहुणा म्हणून हौसेने एकदा असं केलं, ‘टण्ण’ आवाज आला आणि वरच्या पात्याला चीर. ते धनुष्य मी उधार आणलेलं होतं. भरपाईचे पैसे भाच्याकडून कसे घेणार?

मी ६७ वर्षांचा निवृत्त शिक्षक. हात थोडा थरथरतो आणि बायफोकल चष्मा आहे. तुमचा लेख वाचून पिस्तुलाची इच्छा झाली. हसू नका.
— एक वाचक, त्रिमूर्तीनगर

सर, हसत नाही. स्वीडनच्या ऑस्कर स्वान यांनी १९२० च्या ॲन्टवर्प ऑलिंपिकमध्ये नेमबाजीत रौप्यपदक घेतलं तेव्हा ते ७२ वर्षांचे होते. म्हणजे आपल्याकडे पाच वर्षं आहेत.

थरथर आधी डॉक्टरांना दाखवा. नवीन असेल, एका बाजूची असेल तर टाळू नका. वयाची, जुनी थरथर असेल तर ऐका, पिस्तूल धरलेला हात कोणाचाच स्थिर नसतो. विशीतल्या पोराचाही नाही. साइट काळ्या गोलाखाली झोके घेत असते, पाळण्यासारखी. शिकायचं ते झोका थांबवायचं नाही, झोक्यातच बोट सावकाश दाबत राहायचं. झोका थांबवायला गेलात की खांदा कडक होतो आणि थरथर दुप्पट.

चष्म्याचं मात्र खरं काम आहे, आणि कोणी नीट सांगत नाही म्हणून इथे सविस्तर लिहिते. पिस्तुलाला पुढे एक खांब असतो, मागे एक खाच. खाचेत खांब मधोमध आणि दोघांची डोकी एका रेषेत, ही झाली साइट. आपल्या डोळ्याला तो पुढचा खांब चकचकीत दिसला पाहिजे. दहा मीटरवरचा काळा गोल धूसर दिसला तरी चालतो, दिसावाच. नवीन माणूस गोलाकडे बघतो आणि खांब विसरतो. पण खांब अगदी थोडा जरी सरकला, तरी तिकडे दहा मीटरवर त्याचं कितीतरी पट होतं. गोलाच्या बाबतीत तसं नाही, तो थोडा धूसर असला तरी फारसं बिघडत नाही.

बायफोकलमध्ये लांबचं वर आणि वाचायचं खाली. आपण हात उचलणार आणि खांब शोधायला हनुवटी वर करणार, मान वाकडी, शॉट वाकडा. उपाय साधा. कोणाला तरी सांगून हात सरळ धरल्यावर डोळ्यापासून खांबापर्यंतचं अंतर टेपने मोजा, साधारण मीटरभर येईल. तो आकडा घेऊन चष्मेवाल्याकडे जा आणि त्या अंतराचा एकच नंबर असलेली काच बनवून घ्या. फक्त नेमबाजीसाठी, स्वस्त फ्रेममध्ये. रस्त्यावर तो चष्मा घालू नका, सीताबर्डीच्या गर्दीत समोरचा माणूस ओळखू येणार नाही. मी एकदा तो घालून भाजी घ्यायला गेले आणि वांगी म्हणून कांदे निवडत होते.

सुरुवात टेबलावर मनगट टेकवून करा. पहिले दोन आठवडे नुसता ट्रिगर. मग उभं राहून दिवसाला वीस शॉट, जास्त नकोत. दोन्ही डोळे उघडे ठेवा. एक डोळा मिटला की चेहरा आखडतो. डाव्या डोळ्यापुढे चष्म्याला पांढऱ्या कागदाची पट्टी लावली की काम झालं. पट्टीमुळे नातवंडं ‘समुद्री चाचा’ म्हणतील, म्हणू द्या.

मे महिन्यात तिरंदाजी बंद ठेवावी का? आमच्या कोचचं म्हणणं चालू ठेवा, आईचं म्हणणं बंद.
— अकरावीतली मुलगी, मानकापूर

आईचं ऐक, पण अर्धंच. सकाळी सहा ते आठ मैदान, मग घर. पंचेचाळीसच्या उन्हात सावलीशिवाय सत्तर मीटर चालत जाणं यात शौर्य काही नाही. धनुष्य कारमध्ये किंवा स्कूटीच्या बाजूला उन्हात ठेवू नको, पात्यांचे थर सुटतात. कंपाउंड तर कायम ताणलेलंच असतं, ते उन्हात आणखी वाईट. क्रिकेटची टोपी घालू नको, खेचल्यावर दोरी तिच्या चोचीला लागते आणि बाण कुठल्या कुठे. मऊ गोल टोपी घे. संध्याकाळी घरी कूलरपुढे रबरच्या पट्ट्याने खेचायचा सराव कर, पाठीचे खवाटे मागे एकत्र येतात का ते आईला बघायला सांग. आईला काम मिळालं की ती रागावणार नाही.

आणि शिट्ट्या पाठ आहेत ना? दोन म्हणजे रेषेवर या, एक म्हणजे मारा, तीन म्हणजे बाण आणायला चला. तीन वाजल्याशिवाय एक पाऊलही पुढे नाही, आपला बाण अर्ध्यात गवतात पडला असला तरी नाही. बाण उपटताना मागे कोण उभं आहे ते आधी बघायचं. नळीसारखी मागची टोकं नेमकी डोळ्यांच्या उंचीला येतात. एक हात कागदावर दाबून दुसऱ्याने सरळ ओढायचा, हलवून हलवून नाही.

काकू, दसऱ्याला पिस्तुलाची पूजा करू का? सासूबाई म्हणतात शस्त्र आहे, करायलाच हवी. नवरा म्हणतो खेळाचं सामान आहे, बॅडमिंटनच्या रॅकेटची करतेस का?
— एक वाचक, प्रतापनगर

करा की. नवऱ्याला सांगा, रॅकेटचीही करू. पण आधी पेलेट नाही ना ते बघा, हवेचा सिलिंडर काढून ठेवा, आणि फूल-अक्षता लांबून.

मी पहिल्या वर्षी भक्तिभावाने पिस्तुलाला हळद-कुंकू वाहिलं, वर आपट्याचं पान ठेवलं. आठवड्याने ट्रिगर मध्येच अडकायला लागला. दुरुस्तीवाल्याने तो उघडला, बारीक ब्रशने आतून लाल भुकटी काढत राहिला आणि शेवटी मान वर करून म्हणाला, “मॅडम, हे मिरची आहे का?” मी हो म्हटलं. खरं सांगायची लाज वाटली. तेव्हापासून पूजा पेटीची होते, पिस्तूल आत असतं, झाकण बंद.